प्रवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगायी : यजमान बदलला की शंख बदलतो, पण त्यावरून नेमकं काय ठरवायचं?

ओहोटी

प्रवाळावर जगणाऱ्या गोगलगायींवर मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही, म्हणून हा धागा काढतेय. विषय मुद्दाम आटोपशीर ठेवलाय. एकाच नावाची गोगलगाय एका प्रवाळावर मोठी आणि जाड शंखाची असते, शेजारच्या दुसऱ्या जातीच्या प्रवाळावर तीच लहान असते. (ज्या प्रवाळावर ती राहते, तो तिचा यजमान.) हा फरक खाण्यामुळे पडतो, की त्या मुळातच वेगळ्या वंशाच्या असतात?

माझं मत आधीच सांगते. नुसता शंख बघून याचं उत्तर देता येत नाही. तीन उदाहरणं घेते, तिन्हींत उत्तर वेगळं आहे.

पहिलं, कॅरिबियन. कोरालिओफिला गॅलिया, जुन्या लेखांत हिचं नाव कोरालिओफिला ॲब्रेव्हिएटा. एल्कहॉर्न प्रवाळ (ॲक्रोपोरा पामाटा), ऑर्बिसेलाच्या गोलसर वसाहती, मेंदूसारख्या वळ्यांची प्रवाळं, सगळ्यांवर सापडते. फ्लोरिडा कीजमध्ये (अमेरिकेच्या दक्षिण टोकाची बेटं) २००३ आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कामांत दिसलं की एल्कहॉर्नवरच्या गोगलगायी आकाराने मोठ्या असतात आणि नराची मादी होण्याचा टप्पाही तिथे मोठ्या आकाराला येतो. (या गोगलगायी आधी नर असतात, वाढल्यावर मादी होतात.) वागणं वेगळं, आकार वेगळा, आयुष्यक्रम वेगळा, तेव्हा दोन जाती असतील असंच कुणालाही वाटेल. २०१२ साली सहा ठिकाणच्या, तीन प्रकारच्या यजमानांवरच्या गोगलगायींचे मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) आणि सायटोक्रोम बी हे जनुक तपासले गेले. यजमानानुसार गट पडले नाहीत आणि ठिकाणानुसारही पडले नाहीत. कुठे कुठे यजमानाचा पुसटसा परिणाम दिसला, तेवढाच. अख्ख्या कॅरिबियनमध्ये जवळपास एकच मिसळलेली लोकसंख्या.

दुसरं, इंडोनेशिया-फिलिपिन्सचा पट्टा, ज्याला कोरल ट्रँगल म्हणतात. इथली कोरालिओफिला व्हायोलेसिया, शंखाच्या तोंडाशी जांभळी, फक्त पोराइटीस प्रवाळांवर राहते. बाहेरून बघता एकच जात. पण डीएनएमध्ये दोन शाखा निघाल्या. त्या एकाच समुद्रात, एकाच परिसरात राहतात आणि वेगवेगळ्या पोराइटीसवर बसतात. २०२० साली पूर्ण जनुकसंचात विखुरलेल्या २,७१८ जागा तपासल्या, त्यांतल्या ७३ जागांवर, म्हणजे २.७ टक्के, अपेक्षेपेक्षा खूपच जास्त फरक निघाला. काही संकरित प्राणीही सापडले. म्हणजे दोन्ही शाखांमध्ये देवाणघेवाण पूर्ण थांबलेली नाही, तरीही यजमानाच्या दबावाने त्या दूर जातायत.

तिसरं, लेप्टोकोंकस. ही प्रवाळाच्या आत बीळ करून राहते. छत्रीप्रवाळांतल्या (फंजिइडी कुळातल्या) लेप्टोकोंकसच्या चौदा प्रजाती २०११ साली डीएनए आणि यजमान यांच्या आधारे वेगळ्या केल्या गेल्या. प्रत्येकीचा यजमान एक किंवा अगदी मोजके. आणि शंख? बहुतेकांचे एकमेकांसारखेच.

थोडक्यात, पहिल्या ठिकाणी शंख वेगळे आणि वंश एक, तिसऱ्या ठिकाणी शंख सारखे आणि वंश चौदा. मापं कशी घ्यायची, कुठे फसायला होतं, यावर जाणकारांनी लिहावं.

खारा वारा

धागा उत्तम. एक भर घालतो, कारण ती पुढे लागेल. कोरालिओफिला आणि तिच्या जवळच्या नातलगांना रेड्युला नसतो. रेड्युला म्हणजे बाकीच्या गोगलगायींची दातेरी जीभ. त्यामुळे यांना प्रवाळ खरवडता येत नाही, सोंडेने ऊतीतला रस ओढतात. व्हायोलेसिया तर महिनोन्‌महिने एका जागी बसते. तिच्याखाली छोटासा चट्टा असतो आणि आजूबाजूच्या पॉलिपांनी (वसाहत ज्यांची बनते त्या इवल्या जीवांनी) प्रकाशसंश्लेषणातून कमावलेलं अन्न त्या चट्ट्याकडे वाहत येतं. जखम बरी करायला वसाहत जे पाठवते, ते हीच पिते.

म्हणून यजमानाचा प्रश्न इथे इतका मोठा आहे. जी गोगलगाय रोज फिरून चार प्रकारचं खाते, तिच्या शंखावर एका प्रवाळाची छाप पडणं अवघड. जी एका वसाहतीवर वाढते, जोडीदारही त्याच वसाहतीवर मिळवते, तिचं सगळं त्या प्रवाळावर अवलंबून. अळ्या मात्र पाण्यात तरंगत लांबवर जातात, म्हणून मिसळणही चालू राहते. या दोन गोष्टींची ओढाताण कुठे कशी सुटली, त्यावर तुमची तिन्ही उदाहरणं वेगळी झालीयत.

चिकित्सक

@ओहोटी ताई, शंखावरून काही ठरत नसेल तर मोजायचंच कशाला? थेट डीएनए करावा.

ओहोटी

चिकित्सक, डीएनए तुम्हाला नातं सांगतो. एल्कहॉर्नवरच्या माद्या मोठ्या असतील तर त्या जास्त अंडी घालतील, तिथली वसाहत जास्त खाल्ली जाईल, हे मापांशिवाय कळणार नाही. एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न ही दोन्ही प्रवाळं २००६ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या कायद्यात आहेत. तिथे गोगलगायींचा आकार हा थेट संवर्धनाचा प्रश्न आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्लोरिडात एल्कहॉर्नवरून गोगलगायी हाताने काढल्या, तेव्हा तिथली जिवंत ऊती जास्त टिकली.

सूक्ष्मदर्शी

मोजमापाबद्दल सविस्तर लिहितो. इथेच सर्वात जास्त माती खाल्ली जाते.

आधी शंख स्वच्छ करा. कोरालिओफिलाच्या पाठीवर चुनखडी शेवाळाचा जाड थर असतो, कधी कधी दोन-तीन मिलिमीटरचा. तो न काढता कॅलिपर (चिमट्यासारखं मोजायचं साधन) लावला तर तुम्ही शेवाळ मोजता. दंतवैद्याकडचं हत्यार किंवा बोथट सुरी घेऊन हळूहळू खरवडा. ॲसिड वापरू नका, शंखही चुनखडीचाच आहे.

मग बघा शेंडा शाबूत आहे का. जुन्या शंखांचा शेंडा झिजलेला किंवा किड्यांनी पोखरलेला असतो, म्हणून शेंड्यापासून नळीच्या टोकापर्यंतची लांबी कमी भरते. आणि ही झीज सगळ्या यजमानांवर सारखी नसते. उघड्या, लाटांच्या माऱ्यातल्या फांद्यांवरचे शंख जास्त झिजतात, वसाहतीच्या खालच्या कडेला दडलेले कमी. म्हणून एकूण लांबीबरोबर तोंडाची लांबी आणि शेवटच्या वेढ्याची रुंदीही घ्या. ती शेंड्यावर अवलंबून नाहीत. कॅलिपर ०.१ मिमीचा पुरतो. प्रत्येक माप तीनदा घ्या, आणि सलग नको. सगळे शंख एकदा मोजून झाले की पहिल्यापासून परत सुरू करा, नाहीतर आधीचा आकडा डोक्यात राहतो.

आकाराचा अभ्यास फोटोवरून करायचा असेल तर शंख प्लॅस्टिसिनवर (मऊ मातीसारख्या लगद्यावर) बसवा, तोंड कॅमेऱ्याकडे, शंखाचा अक्ष आडवा. मोजपट्टी टेबलावर ठेवू नका, शंखाच्या तोंडाच्या पातळीला उचलून ठेवा. दोन सेंटीमीटर उंचीच्या फरकाने आकडे चुकतात. लेन्स मॅक्रो, अंतर कायम. दहा-पंधरा शंख पूर्ण काढून पुन्हा बसवून पुन्हा फोटो घ्या. बसवण्यातली चूक किती आहे ते त्यावरून कळतं. ती चूक दोन यजमानांमधल्या फरकाइतकीच निघाली, तर तो फरक सोडून द्यावा.

आणि आकारमान वेगळं काढा. लहान आणि मोठ्या शंखांची ठेवण मुळातच वेगळी असते, वाढताना तोंड रुंदावतं. एल्कहॉर्नवर मोठे शंख आणि ऑर्बिसेलावर लहान, अशी थेट तुलना केली की वयाचा फरक यजमानाचा फरक म्हणून छापला जातो. सारख्या लांबीचे शंख निवडून तुलना करा, किंवा मापांचा लॉग (लॉगॅरिदम) घेऊन लांबीचा परिणाम आधी वजा करा.

गाजवाट

+१. त्यात नमुन्यांचा मुद्दा जोडा. एकाच वसाहतीवरच्या वीस गोगलगायी म्हणजे वीस स्वतंत्र नमुने नव्हेत. त्या एकाच थाळीत जेवतात. दोन वसाहतींवरून वीस-वीस आणण्यापेक्षा वीस वसाहतींवरून दोन-दोन बघाव्यात, आणि हिशोबात वसाहत हा वेगळा घटक म्हणून धरावा. खोली, वसाहतीचा आकार, किती टक्के ऊती जिवंत आहे, आणि गोगलगाय कुठे बसलीय (कडेला, बुंध्याशी, फांद्यांच्या बेचक्यात) हे तिथेच पाटीवर लिहा. वर आल्यावर आठवत नाही.

मीठागर

नर-मादी ओळखायचे कसे? सूक्ष्मदर्शी दादांनी ते लिहिलं नाही, आणि नर आधी व मादी नंतर असेल तर सगळी तुलनाच त्यावर अडते.

सूक्ष्मदर्शी

बरोबर बोललात, हा भाग राहिला होता.

जिवंत गोगलगाय झाकण बंद करून आत जाते, ओढून काढली तर फाटते. आधी ती शिथिल करायची. मॅग्नेशियम क्लोराइडचे स्फटिक (सहा पाण्याचे, म्हणजे हेक्साहायड्रेट) लिटरभर गोड्या पाण्यात ७५ ग्रॅम, आणि त्यात तेवढंच समुद्राचं पाणी मिसळा. अर्ध्या ते एक तासात पाय बाहेर सैल पडतो. बोटाने टोचल्यावर आत गेली नाही की तयार. परत सोडायची असेल तर वाहत्या समुद्राच्या पाण्यात ठेवा, शुद्धीवर येते.

उजव्या शुंडिकेच्या (डोक्यावरच्या शिंगासारख्या अवयवाच्या) मागे बघा. तिथे शिश्न दिसलं तर नर. मादीत प्रावाराच्या (शंखाला आतून लागून असलेल्या कातडीच्या) पोकळीत अंड्यांच्या पिशव्या सापडतात, कारण या गोगलगायी अंडी बाहेर चिकटवत नाहीत, अंगातच उबवतात. पिशव्या नसतील तर अंड्यांचं कवच बनवणारी फिकट, फुगीर ग्रंथी शोधा.

फसगत दोन ठिकाणी होते. बदलाच्या मधल्या अवस्थेत शिश्न आखडलेलं असतं आणि ग्रंथी अर्धवट असते. अशांना जबरदस्तीने नर किंवा मादीत घालू नका, तिसरा रकाना ठेवा. दुसरं, बंदराजवळचे नमुने. जहाजांच्या बुडाला लावायच्या ट्रायब्युटिलटिनच्या रंगामुळे या कुळातल्या माद्यांना शिश्न फुटतं, त्याला इम्पोसेक्स म्हणतात. हा रंग २००८ पासून जगभर बंद आहे, पण बंदरांच्या गाळात तो अजून असतो. तिथे नुसतं शिश्न बघून नर म्हटलं तर आकडे पार उलटे होतात. ग्रंथी बघायचीच.

तैवानमध्ये व्हायोलेसियावर २००४ साली प्रसिद्ध झालेलं काम या बाबतीत वाचनीय आहे. लिंगबदल किती आकाराला होतो हे यजमानावर अवलंबून असतं, असं त्यात दाखवलंय. म्हणून तुलना नेहमी नरांची नरांशी, माद्यांची माद्यांशी.

चिकित्सक

आता डीएनएकडे या. जतन कसं करायचं?

खारा वारा

९५-९६ टक्के इथेनॉल, ऊतीच्या किमान दहापट, आणि २४ तासांनी बदलायचं, कारण अंगातलं पाणी उतरून ते पातळ होतं. अख्खी गोगलगाय बाटलीत टाकली तर झाकण घट्ट मिटतं, अल्कोहोल आत पोहोचत नाही, बाहेरून सुंदर दिसणारा नमुना आतून सडतो. एक तर वर लिहिल्याप्रमाणे शिथिल करून पायाचा तुकडा कापा, किंवा शंखाला शेवटच्या वेढ्यात भोक पाडा. ज्यांना शंखही अखंड हवा, त्यांच्यासाठी गरम पाण्याची जपानी पद्धत आहे. काही सेकंद गरम पाण्यात बुडवून चिमट्याने पिळासारखं फिरवत अंग बाहेर काढायचं. स्नायू शंखापासून सुटतो आणि डीएनए टिकतो. लहान गोगलगाय जास्त वेळ ठेवलीत तर मात्र शिजते.

तुकडा पायाचाच घ्या, २-३ मिमी पुरे. प्रावाराजवळचा घेतलात तर ज्या ग्रंथीतून या कुळाचा प्रसिद्ध जांभळा रंग येतो ती सोबत येते, आणि तो रंग पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) अडवतो. चिकट स्रावातल्या शर्करेमुळेही पीसीआर अडतो. साध्या किटने काढलेला डीएनए दिसायला भरपूर, पण पीसीआरनंतर तुकड्याची पट्टीच येत नाही, ही तक्रार नेहमीची. उपाय दोन : सीटॅब (शर्करा वेगळी करणारं रसायन) पद्धतीने काढा, किंवा डीएनए दहापट-पन्नासपट पातळ करून परत लावा. बहुतेक वेळा दुसऱ्यानेच काम होतं.

सीओआयसाठी (जाती ओळखायला नेहमी वापरतात ते जनुक) फोल्मरचे प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होतो ते डीएनएचे छोटे तुकडे) चालतात, ६५८ अक्षरांचा तुकडा मिळतो. पण सीओआय आईकडून येतो आणि एकच जनुक आहे. त्यात दोन शाखा दिसल्या म्हणून दोन जाती झाल्या असं होत नाही. व्हायोलेसियात पुढे जनुकसंचभर बघितलं म्हणून संकर सापडले. सीओआयवरच थांबले असते तर चित्र उगाच स्वच्छ दिसलं असतं.

ओहोटी

आणि यजमानाची ओळख! गोगलगायीचा डीएनए काढतात आणि प्रवाळापुढे नुसतं 'पोराइटीस' लिहितात. पोराइटीसच्या ढिगासारख्या वाढणाऱ्या जाती पाण्याखाली नजरेने वेगळ्या करणं जवळपास अशक्य आहे. एकेक पॉलिपची खळगी मिलिमीटर-दीड मिलिमीटरची, आतल्या काड्यांची रचना भिंगाखालीच दिसते. बोटांसारख्या वाढणाऱ्या पोराइटीस सिलिंड्रिकासारख्या जाती सोप्या, गोल ढिगांच्या अवघड. प्रवाळाचा नखाएवढा तुकडा (परवानगी असेल तर) ब्लीचमध्ये धुऊन सांगाडा ठेवा आणि गोगलगायीच्या बाटलीवर आणि त्या सांगाड्यावर एकच क्रमांक टाका. यजमान चुकला की यजमानाबद्दलचा निष्कर्ष गेला.

नावांचाही घोळ ध्यानात ठेवा. कॅरिबियनच्या जुन्या लेखांतलं मॉन्टास्ट्रिया ॲन्युलॅरिस म्हणजे आजचं ऑर्बिसेला. दोन वेगळे यजमान समजून तक्त्यात दोनदा मोजलेलं पाहिलंय.

मीठागर

ड्रुपेला यात कुठे बसते? प्रवाळ खाणारी गोगलगाय म्हटलं की आधी तिचंच नाव येतं.

गाजवाट

ड्रुपेला त्याच मोठ्या कुळातली, पण तिची तऱ्हा वेगळी. तिला रेड्युला आहे, दात लांब आणि बारीक. ती ऊती खरवडून काढते आणि मागे पांढरा स्वच्छ सांगाडा सोडते. रात्री खाते, दिवसा फांद्यांच्या बुंध्याशी झुंडीने बसते. ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरा, पोसिलोपोरा ही तिची आवडती प्रवाळं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या निंगालू रीफवर १९८० च्या दशकात तिचा उद्रेक झाला आणि मोठ्या पट्ट्यातली प्रवाळं गेली. खाऊन झालं की पुढच्या वसाहतीवर जाते, म्हणून यजमानाप्रमाणे बदल शोधायला ती कोरालिओफिलाइतकी सोयीची नाही.

एक काम मात्र तिच्या बाबतीत करायलाच हवं : जखम ओळखणं. पांढरा पट्टा म्हणजे रोगच असं नाही. गोगलगायीने खाल्लेल्या जागेची कड नागमोडी, खाचाखाचांची असते आणि बुंध्याकडून वर जाते. पांढऱ्या पट्ट्याच्या रोगाची कड फांदीभोवती बरीच सरळ फिरते. शंका असेल तर टॉर्च घेऊन बुंध्याच्या बेचक्यात आणि वसाहतीच्या खालच्या बाजूला बघा. दोन्ही एकत्रही असू शकतात. कॅरिबियनमध्ये कोरालिओफिला स्टॅगहॉर्नचा रोग एका वसाहतीवरून दुसरीवर नेते आणि ड्रुपेला तपकिरी पट्ट्याचा रोग पसरवते, हे प्रयोगांनी दाखवलंय.

चिकित्सक

समजा मला खरंच तपासायचंय की फरक खाण्याने पडतो की वंशाने. अदलाबदल करून बघायची तर?

सूक्ष्मदर्शी

तोच खरा प्रयोग, आणि तो किचकट आहे. 'अ' प्रवाळावरच्या काही गोगलगायी 'ब'वर, 'ब'वरच्या 'अ'वर. एवढ्यावर थांबलात तर उपयोग नाही. 'अ'वरून उचलून दुसऱ्या 'अ'वर ठेवलेल्याही हव्यात, कारण उचलण्याचा धक्काच वाढ थांबवतो. लहान नर घ्या, मोठ्या माद्यांची वाढ इतकी मंद असते की काही दिसणार नाही.

खूण म्हणून मधमाश्यांना लावतात त्या क्रमांकाच्या चकत्या सुपरग्लू जेलने, कोरड्या केलेल्या शंखावर. शिवाय तोंडाच्या ओठावर कानशीने बारीक खाच द्या. पुढची वाढ त्या खाचेच्या पलीकडे स्पष्ट दिसते आणि झिजलेल्या शेंड्याचा प्रश्नच उरत नाही. पिंजरा लावला तर जाळीवर शेवाळ धरतं, पाणी खेळत नाही, प्रवाळच आजारी पडतं. आठवड्याला जाळी घासावी लागते. पिंजरा नसेल तर गोगलगायी निघून जातात. आणि काही नव्या यजमानावर खातच नाहीत, नुसत्या बसतात. त्यांची वाढ शून्य नोंदवण्याआधी खाली ताजा चट्टा आहे का ते बघा. न खाणं हा वेगळा निकाल आहे, तो वेगळ्या रकान्यात.

खारा वारा

थोडं विषयांतर, पण शंखावर यजमानाची छाप कुठवर पडते याचं टोकाचं उदाहरण मॅजिलस. ही प्रवाळात गाडलेली असते. प्रवाळ वाढत वर चढतं, मग ही शंखाच्या तोंडापुढे चुन्याची नळी बांधत त्याच्या पृष्ठभागाबरोबर वर येते आणि मागचा मूळ शंख चुन्याने भरून टाकते. म्हातारा मॅजिलस हातात घेतला तर एका टोकाला छोटा गुंडाळलेला शंख, पुढे दगडासारखी भरीव, वाकडीतिकडी नळी. त्या नळीची लांबी आणि वळणं ही त्या एका प्रवाळाच्या वाढीची. यावरून जाती पाडायला जाणं किती धोक्याचं ते दिसतंच.

मीठागर

मालवणला किंवा आंग्रिया बँकेवर (कोकण किनाऱ्यापासून दूर, समुद्रातला प्रवाळी उंचवटा) पोराइटीस आहे. तिथे हौशी पाणबुड्यांना काही करता येईल का?

ओहोटी

फोटो काढता येतील, उचलता काही येणार नाही. कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडासुद्धा खिशात घालायचा नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे. संशोधनासाठी नमुना हवा असेल तर आधी वनखात्याची, म्हणजे कांदळवन कक्षामार्फत, लेखी परवानगी.

फोटोंचं काम मात्र मोलाचं होऊ शकतं. पाऊस संपून पाणी निवळल्यावर, साधारण डिसेंबर ते मार्च. प्रत्येक वसाहतीचे चार फोटो : पूर्ण वसाहत मोजपट्टीसह, पृष्ठभाग इतक्या जवळून की खळग्या दिसतील, खालची कड, आणि गोगलगाय असेल तर ती, बाजूला मिलिमीटरची पट्टी धरून. कोरालिओफिला शोधताना शंख शोधू नका, शेवाळाच्या थरामुळे तो खडकाचा फुगवटा वाटतो. फुगवट्याभोवती ऊतीची फिकट किनार दिसतेय का ते बघा. गोगलगाय सापडली नाही तरी ती वसाहत नोंदवा. किती वसाहती रिकाम्या होत्या हे माहीत नसेल तर कुठला यजमान आवडीचा ते कधीच काढता येत नाही.

गाजवाट

फिन्स वर ठेवा आणि वाळू उडवू नका, मालवणच्या गढूळ पाण्यात तेवढ्यानेच पुढचे दहा फोटो जातात. फोटोच्या फाइलला वसाहतीचा क्रमांक त्याच संध्याकाळी द्या. तक्ता हवा असेल तर सांगा, रकाने इथेच टाकतो : तारीख, जागा, खोली, वसाहत क्रमांक, प्रवाळाची वाढण्याची तऱ्हा, वसाहतीची लांबी-रुंदी, जिवंत ऊती टक्के, गोगलगायींची संख्या (शून्यासकट), प्रत्येकीची लांबी, बसण्याची जागा, चट्ट्याचा आकार.

मीठागर

टाका. आणि 'फोटो क्रमांक' हाही रकाना घाला.